अंगण वाकडंच होतं, हरेश

हरेश, उत्तर आलं.

दीड वर्ष तू ज्याची वाट बघितलीस ते उत्तर तुझ्या दहाव्यानंतर चौथ्या दिवशी आलं. आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा तो कंपायलर बनवणाऱ्या कंपनीने लिहिलंय की चूक आमचीच आहे. तू सांगितली होतीस तीच, आणि तू दाखवली होतीस तिथेच. मी ते पत्र ऑफिसात तीनदा वाचलं आणि मग जिन्यात जाऊन बसले, कारण टॉयलेटमध्ये रडायला गेलं की कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन मागे येतं.

उशीर त्यांनी केला नाही, मी केला. तू विचारायचास, "शुभा, आलं का गं उत्तर?" आणि मी म्हणायचे, "नाही रे, अजून नाही." येणार कुठून? मी तक्रार पाठवलीच नव्हती. तुला मात्र पाठवली म्हणून सांगितलं होतं. हे वाक्य आता इतकं सरळ लिहिता येतंय, मग तू समोरच्या खुर्चीत बसलेला असताना माझ्या तोंडाला काय झालं होतं, कोण जाणे.

ऑफिसातल्या मुलांनी तुझ्या शोकसभेसाठी चार ओळी मागितल्यात. मी तुझी टीम लीड, तेव्हा तो मान माझा. मनमिळाऊ, हसतमुख, कामात चोख असं लिहून दिलं की झालं. पण तू कुठला रे हसतमुख? सकाळी अकराच्या आत तुझ्याशी बोलायला जायची कुणाची हिंमत नसायची. त्या चार ओळी मी वेगळ्या देईन. हे फक्त तुला.

आपण दोघं एकाच सोमवारी कामाला लागलो. मी डिग्रीवाली, तू डिप्लोमावाला, म्हणून मला टेबल खिडकीशी आणि तुला दाराशी. जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या खिडकीशी आलास आणि खालच्या पार्किंगकडे बोट दाखवलंस. "ती पांढरी गाडी लावलीय ना, तिथे आमच्या आज्याचं भात असायचं." कोलशेत गावातल्या तुझ्या चुलत्यांनी जमिनी विकून बंगले बांधले, आणि तू त्याच जमिनीवरच्या इमारतीत गळ्यात आयकार्ड अडकवून लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहायला बसलास. मुलं चिडवायची, "शेठ, तुम्हाला काय गरज नोकरीची?" तू म्हणायचास, "बसून खाल्लं की माणूस सुजतो."

पहिल्यांदा तुझ्या घरी आले तेव्हा तुझ्या आईने दारातच विचारलं, "जेवलीस का गो बाय?" आणि माझं काही ऐकून न घेता पानात जिताड्याचं कालवण वाढलं. डोंबिवलीच्या शाकाहारी घरातली मी, त्या वाटीकडे बघतच राहिले. तू वाटी गुपचूप आपल्याकडे ओढलीस आणि आईला म्हणालास, "तिचा उपास हाय." म्हणालास खरं, पण माझ्या पानात तांदळाची भाकरी होती आणि मी ती मिटक्या मारत खात होते. पुढे प्रत्येक खेपेला तुझी आई मला विचारायची की भाकरी चालते असा हा कुठला उपास. तुझ्या तोंडून ऐकलेलं एवढं एकच खोटं मला आठवतं, आणि तेही माझ्यासाठी बोललेलं.

खोट्याचं तुला वावडंच होतं, अगदी कोडमध्येसुद्धा. आपला जुना वाद आठव. एखादी गोष्ट आज लिहून होत नसेल तर त्या जागी तात्पुरतं काहीबाही टाकायचं आणि मग सवडीने नीट करायचं, ही माझी पद्धत. तू त्यावर खवळायचास. "मोकळं आहे तर मोकळं दिसू दे ना. काहीतरी कोंबून ठेवलंस की काम राहिलंय हे कळणार कुणाला? मोकळं ठेव, कंपायलर ओरडेल." या वादापायी आपण किती चहा गार केले असतील. तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

तुझ्या दहाव्याला वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "ताई, मला शाळेत शिकवायची सवय, पण यांच्या कामातलं ओ का ठो कळायचं नाही. मग एकदा यांनीच समजावलं." आणि त्यांनी तुझ्या शब्दांत सांगितलं, की ॲबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे छापखान्यातला लग्नपत्रिकेचा नमुना. मजकूर तयार, फक्त नावांच्या जागा मोकळ्या. नमुना कुणी पाव्हण्यांना वाटत नाही. ज्याच्या घरी लग्न त्याने नावं भरून पत्रिका करून घ्यायची. आणि नाव राहिलं असेल तर छापखानेवाल्याने छापायच्या आधीच ओरडायचं, "ओ शेठ, नवरीचं नाव कुठाय?" हा छापखानेवाला म्हणजे कंपायलर. मी इतकी वर्षं नव्या मुलांना हा विषय शिकवतेय, इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. तुला सांगायला हवं होतं की शिकवायला तू उभा राहा, मी बसते.

आपल्याकडे दरवाजाचा असा एक नमुना होता. लिफ्टचा दरवाजा कुठलाही असो, त्याला तीन गोष्टी यायलाच हव्यात: उघडणं, मिटणं, आणि मध्ये काही अडकलं तर काय करायचं ते. त्या मूळ नमुन्यावरून सरकत्या दरवाजांचा दुसरा नमुना केलेला, आणि त्यावरून तू नव्या टॉवरसाठी काचेचा दरवाजा लिहायला घेतलास. उघडणं आणि मिटणं तू लिहिलंस. तिसरं मी मागून घेतलं. "अडकण्याचं मी करते रे, सेन्सर मला माहितीये." मग मुलीची दहावी आली, मी रजेवर गेले आणि साफ विसरले.

तू ती जागा मोकळी ठेवलीस, तुझ्या रीतीप्रमाणे. मोकळी राहिली तर कंपायलर पुढे जाऊच देणार नाही, हा तुझा भरवसा. कंपायलर एका शब्दाने ओरडला नाही. तुला वाटलं, शुभाने भरलेलं दिसतंय.

पुढचं सगळ्या ऑफिसला पाठ आहे. अकराव्या मजल्यावर बिल्डरच्या घरची वास्तुशांत, आणि खालून पूजेचं सामान घेऊन आलेले गुरुजी. लिफ्टमधून निघताना त्यांच्या हातातल्या पाटाचा कोपरा मिटत्या दरवाजात सापडला. सॉफ्टवेअर तिसरी गोष्ट शोधायला गेलं, ती नव्हतीच, आणि सगळा कारभार जागच्या जागी बंद पडला. दार वीतभर उघडं. आत गुरुजी आणि बिल्डरच्या सासूबाई, बाहेर यजमान. गुरुजींनी आतूनच संकल्प सोडू का म्हणून विचारलं म्हणे. कुणाला खरचटलंही नाही, तासाभरात दोघं बाहेर आले, आणि आपण ऑफिसात हसून घेतलं. मग साहेबांना बिल्डरचा फोन आला आणि हसणं संपलं.

त्या मीटिंगमध्ये तू उभा राहून सांगितलंस, "साहेब, जागा मोकळी होती हे खरं. पण मोकळी असताना कंपायलरने पुढे जाऊ कसं दिलं? ही चूक कंपायलरची आहे." साहेब म्हणाले, "ते राहू दे. मोकळी ठेवली कुणी?" तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. मी पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. मग तू म्हणालास, "मी."

मी तिथे बसले होते, हरेश. नुसतं "ते माझ्याकडे होतं" एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द.

ते म्हणायचं सोडून मी काय केलं? आपल्या मजल्यावर माझा एक नियम होता. नवीन मुलं स्वतःची चूक सापडली नाही की कंपायलरला शिव्या घालायची, म्हणून मीच केलेला, की जो कंपायलरवर ढकलेल त्याने सगळ्यांना वडापाव खिलवायचा. मीटिंग संपवून बाहेर आलो, सगळे तोंडं पाडून बसलेले, आणि मी मोठ्याने म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! हरेश, वडे आण." सगळे हसले. मला तेच हवं होतं, की सगळ्यांनी हसावं आणि मोकळ्या जागेचा विषय तिथेच बुडावा. तू खरंच गेलास, दोन पिशव्या भरून वडे आणलेस, प्रत्येकाच्या टेबलावर स्वतः ठेवलेस. माझ्यापुढे ठेवताना हळूच म्हणालास, "शुभा, अंगण खरंच वाकडं असलं तर?"

तीन दिवस तू त्याच्या मागे होतास. तिसऱ्या दिवशी एका पानात मावेल एवढं उदाहरण करून आणलंस. लिफ्ट नाही, दरवाजा नाही, फक्त एक नमुना, त्याच्यावरून दुसरा, आणि शेवटी एक क्लास. मूळ नमुन्यात जागा मोकळी सोडली तर कंपायलर ओरडायचा. पण मधल्या नमुन्यात तीच जागा मोकळी म्हणून पुन्हा लिहिली, की तो ती भरलेली धरून चालायचा. मोकळं आहे असं दोनदा सांगितलं की त्याला वाटायचं भरलंय. तू मला चालवून दाखवलंस. मी म्हटलं, "बघते." तक्रार फक्त माझ्या नावाच्या खात्यावरूनच जात होती, लायसन्स माझ्या नावावर ना.

फॉर्म मी उघडला होता, हे तरी खरं आहे. त्यात विचारलं होतं की ही चूक तुमच्या कशी लक्षात आली, आणि तक्रारीची प्रत साहेबांना जाणार होती. कंपायलरची चूक ठरली तर मीटिंग पुन्हा बसणार, आणि मोकळी जागा कुणाकडे होती हे या वेळी नीट विचारलं जाणार. मी फॉर्म बंद केला. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "पाठवलंस?" मी म्हटलं, "हो."

याहून वाईट सांगते. मला मनातून वाटलंच नव्हतं की तुझं बरोबर असेल. तुझं उदाहरण मी डोळ्यांनी बघितलं, तरी वाटलं की कुठेतरी याचंच काही चुकलं असणार. हेच जर पुण्याच्या ऑफिसातल्या एखाद्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याने दाखवलं असतं, तर मी त्याच तासाला पाठवलं असतं. पहिली कित्येक वर्षं मीटिंगमध्ये मी काही सांगितलं की समोरचे विचारायचे, "नक्की ना, मॅडम?" त्यावरून मी घरी रोज आगपाखड करायचे. आणि मी तुझ्याशी तसंच वागले, वर वडेही खाल्ले.

मग तुला मेंटेनन्सला टाकलं. कोड लिहिणारा माणूस आंबिवलीपासून घोडबंदरपर्यंत टॉवर टॉवर फिरून लिफ्टच्या तक्रारी ऐकायला लागला. मी म्हटलं, "साहेबांशी बोलू का?" तू म्हणालास, "कशाला? इतकी वर्षं लिफ्ट नुसतीच लिहिली, आता तिच्यात बसायला तरी मिळतंय." सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांच्या नकला करून तू मला हसवायचास, आणि मी साहेबांशी बोलले नाही.

नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत तुम्ही दोघं भेटलात. तिथेही तू विचारलंस, "आलं का गं?" मी म्हटलं, "नाही रे, ती माणसं तसलीच. आपल्याला कोण विचारतंय?" तू वहिनींना म्हणालास, "शुभा पाठी लागलीय त्यांच्या. ती सोडणारी नाय." वहिनी माझ्याकडे बघून इतक्या छान हसल्या की मी ओटीचं ताट सावरायच्या निमित्ताने मान खाली घातली. देवीपुढे काय मागितलं ते आठवत नाही.

आणि तो शेवटचा फोन. मी भाजी निवडत होते, तुला लवकर कटवायचं होतं. तू पुन्हा तेच विचारलंस आणि मी चिडले. "आता सोड ना ते, हरेश. दीड वर्ष झालं. कुणाला पडलीय त्याची?" तू म्हणालास, "मला पडलीय गं." आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, "बरं. आलं तर सांग."

त्याच आठवड्यात तू गेलास. सकाळी, चहा मागितलास आणि चहा यायच्या आत. मला फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं की आता तो विचारणार नाही. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, हरेश. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

दहाव्याला लग्नपत्रिकेचं सांगून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "ताई, त्यांचं ते उत्तर आलं का हो? शेवटपर्यंत म्हणायचे, शुभा आहे म्हणून, नाहीतर माझ्यासाठी एवढं कुणी केलं नसतं." आणि त्यांच्यापुढे बसून, तुझ्या फोटोसमोर, मी म्हणाले, "नाही हो, अजून नाही."

तिथून उठले ती तडक ऑफिसात आले आणि तक्रार पाठवली. तुझं पान होतं तसंच जोडलं. अर्धा तासही लागला नाही.

चौथ्या दिवशी उत्तर. ही चूक कित्येक आवृत्त्यांपासून होती आणि आजवर कुणीच कळवली नव्हती म्हणे. उदाहरण इतकं नेमकं आहे की आम्हाला काही शोधावंच लागलं नाही, असं लिहिलंय. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येईल, आणि चूक शोधणाऱ्याचं नाव यादीत घालायचंय, तर कुणाचं घालू? मी तुझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि एकेक अक्षर तपासलं. त्या यादीत वडिलांचं नाव कुणी लावत नाही. तुझं लागेल. त्यांनी त्याच दिवशी तुझं नाव लिहून तसं कळवलंही.

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की ती मोकळी जागा माझ्याकडे होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जाऊ द्या हो मॅडम, आता कशाला? झालं गेलं." मला चहा मागवला. एवढंच. दीड वर्ष ज्याला घाबरून मी तुला खोटं सांगत राहिले, ते एवढंच होतं. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

काल संध्याकाळी त्या सगळ्या पत्रव्यवहाराची छापील प्रत घेऊन कोलशेतला गेले. तुझ्या आईने नेहमीसारखं जेवलीस का म्हणून विचारलं नाही, ती नुसती खाटेवर बसून होती. वहिनींना मी म्हटलं, "उत्तर आलं. हरेशचंच बरोबर होतं." त्या ओच्याला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि शाळेत पेपर तपासतात तशा पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. तुझं नाव आलं तिथे थांबल्या, सासूबाईंना म्हणाल्या, "आई, यांचं नाव आलंय. बाहेरच्या देशात." तुझ्या आईला काही कळलं नाही, पण तिने कागद मागून घेतला आणि कपाळाला लावून परत दिला. मला तेव्हाच उठून निघायचं होतं. चपला दारातच होत्या.

पण वहिनी कागद घडी करायच्या आत पुन्हा बघायला लागल्या. वर त्यांचं उत्तर होतं आणि खाली माझी तक्रार, दोन्हींवर तारखा. मी छापताना खालचा भाग काढून टाकू शकले असते. हात तिथपर्यंत गेला होता. मग तुझं ते मोकळं आहे तर मोकळं दिसू दे आठवलं, आणि मी तसंच छापलं.

त्यांनी वरची तारीख बघितली, खालची बघितली, मग बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांचा आवाज चढला नाही. मुलाने गृहपाठ केला नसला की विचारतात तसं विचारलं.

"ताई, हे चार दिवसांत आलं?"

"हो."

"मग हे दीड वर्ष कोणाची वाट बघत होते?"

मी म्हटलं, "माझी, वहिनी."